बंद पडलं तर?

"इंजिन बंद पडलं की विमान दगडासारखं खाली येतं." हे वाक्य मी हॉस्टेलच्या मेसमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी त्यावर कागद-पेन घेऊन बसायचं ठरवलं. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाच्या विमानाच्या दोन्ही इंजिनांचं बळ उड्डाणानंतर काही क्षणांतच गेलं, विमान मेडिकल कॉलेजच्या हॉस्टेलवर कोसळलं आणि २६० माणसं गेली. दुपारच्या जेवणाची वेळ होती. आपल्यासारखीच मुलं आपल्यासारख्याच मेसमध्ये ताटावर बसली होती. त्यानंतर कितीतरी दिवस विमानाचा आवाज आला की आमच्या मजल्यावरच्या सगळ्या जणी खिडकीशी यायच्या. त्यामुळे हे वाक्य कुठून येतं ते मला समजतं. पण लहान, एका इंजिनाच्या विमानांच्या बाबतीत तरी ते खरं नाही. आणि ते का खरं नाही हे शोधताना मला आपल्या इंजिनिअरिंगच्या शिक्षणाबद्दल जे वाटलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधीच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'उद्धरण बल' वगैरे शब्द मला झेपत नाहीत. लिफ्टला मी लिफ्टच म्हणणार. विमानाच्या पंखाची लिफ्ट आणि आपल्या हॉस्टेलची लिफ्ट, दोन्ही पुढे येणार आहेत, तेव्हा घोटाळा करून घेऊ नका!

खंबाटकी घाटात पेट्रोल वाचवायला बाइक बंद करून उतारावर सोडणारे महाभाग आपण सगळ्यांनी पाहिलेत. (कृपया करू नका, ब्रेक तापतात.) इंजिन बंद, तरी बाइक धावते. कारण उंची खर्च होते आणि वेग मिळतो. विमानाचंही तसंच आहे, फक्त त्याचा उतार हवेत असतो. जगात सर्वात जास्त संख्येने बनलेलं लहान विमान म्हणजे सेस्ना १७२. चार माणसांचं, एका इंजिनाचं. त्याचं इंजिन बंद पडलं आणि वैमानिकाने नाक थोडं खाली ठेवून वेग ६५ नॉटच्या, म्हणजे ताशी १२० किलोमीटरच्या आसपास राखला, तर ते साधारण ९ मीटर पुढे जाताना १ मीटर खाली येतं. म्हणजे ३०० मीटर उंचीवर इंजिन गेलं तर वारा नसताना जवळपास पावणेतीन किलोमीटर जाता येतं आणि हातात सुमारे ८० सेकंद असतात. ८० सेकंद कमी वाटतात? व्हायव्हाला एक्स्टर्नलने प्रश्न विचारल्यावर ८० सेकंद गप्प उभं राहून बघा!

म्हणजे इंजिन बंद पडणं ही एक घटना आणि अपघात ही दुसरी घटना. दोन्हींच्या मध्ये वेळ असतो, उंची असते, आणि काही निर्णय असतात. त्यातले काही निर्णय वैमानिकाचे. पण बरेचसे निर्णय कुणीतरी इंजिनिअरने, मेकॅनिकने किंवा विमान बांधणाऱ्याने कितीतरी वर्षं आधी टेबलावर बसून घेतलेले असतात. माझा सगळा मुद्दा या मधल्या जागेबद्दल आहे.

आता इंजिन बंद का पडतं ते बघू. आपल्याला वाटतं, पिस्टन फुटला असेल, क्रँकशाफ्ट तुटला असेल. तसंही होतं. पण पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं, त्याला पेट्रोलच मिळालेलं नसतं! अमेरिकेत विमान अपघातांचा तपास करणारी एन.टी.एस.बी. ही संस्था आहे. तिने २०११ ते २०१५ या वर्षांचा हिशोब मांडला, तेव्हा इंधनाच्या व्यवस्थापनातल्या चुकांमुळे दरवर्षी सरासरी ५० हून जास्त अपघात झाले होते. त्यातल्या निम्म्याहून जास्त वेळा टाक्या चक्क रिकाम्या होत्या. बाकी बऱ्याच वेळा एका टाकीत इंधन होतं, पण कॉक दुसऱ्या, रिकाम्या टाकीवर होता. आणि हे वैमानिक नवशिके असतील असं वाटत असेल तर ऐका. त्यातले जवळपास निम्मे व्यावसायिक परवानाधारक होते आणि शिकाऊ फक्त २ टक्के. ज्याला भीती आहे तो टाकीत काठी घालून मोजतो, ज्याला सवय झाली तो काट्याकडे बघून निघतो. आपल्याकडे फर्स्ट इयरची मुलं वर्कशॉपमध्ये गॉगल लावतात आणि फायनल इयरची लावत नाहीत, त्यातलाच हा प्रकार.

दुसरं कारण तर आपल्या आय.सी. इंजिन्सच्या पेपरातच बसलेलं आहे. कार्ब्युरेटर! १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-सिक्स आलं आणि नव्या बाइकमधून तो जवळपास हद्दपार झाला. त्यामुळे 'हे कशाला शिकायचं?' असं आपण दरवर्षी विचारतो. पण उड्डाण शिकवणाऱ्या शाळांमधल्या जुन्या सेस्ना आजही त्याच्यावरच उडतात. व्हेंच्युरीत हवेचा दाब पडतो, पेट्रोलची वाफ होते, दोन्हींमुळे तापमान एकदम उतरतं आणि हवेतल्या बाष्पाचं आतल्या आत बर्फ होतं. बाहेर थंडी असायला हवी असंही नाही. तापमान २१ अंशांच्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असेल तर धोका सर्वात जास्त, पण ३८ अंशांत आणि ५० टक्के आर्द्रतेतही बर्फ धरू शकतं, असं अमेरिकेच्या एफ.ए.ए.ची वैमानिकांसाठीची पुस्तकं सांगतात. महाबळेश्वरची ऑगस्टमधली सकाळ आठवा म्हणजे कळेल. यावर उपाय आहे. एक नॉब ओढला की एक्झॉस्टच्या भोवती तापलेली हवा कार्ब्युरेटरमध्ये येते आणि बर्फ वितळतं. गंमत अशी की नॉब ओढल्यावर सुरुवातीला इंजिन आणखीच खडखडतं, कारण वितळलेलं पाणी इंजिनात जातं. ज्याला हे कुणी आधी सांगितलं नाही तो घाबरून नॉब परत आत ढकलतो. म्हणजे बरोबर उपाय करून, तो लागू पडत असतानाच सोडून देतो. आपण व्हेंच्युरीची आकृती पेन्सिलने सुरेख काढतो, बर्नोलीचं समीकरण लिहितो, दहापैकी आठ मार्क घेतो. पण याच जागी बर्फ होऊन माणसं मरतात, हे मला परीक्षा झाल्यावर कळलं, तेसुद्धा सिलॅबसच्या बाहेरच्या पुस्तकातून.

आता एका कॉकची गोष्ट. जॉन डेन्व्हर हे नाव कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. गॅदरिंगला त्याचं एक तरी गाणं असतंच. हा गायक हौशी वैमानिक होता, अडीच हजार तासांहून जास्त उड्डाण केलेला. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी कॅलिफोर्नियात मॉन्टेरेजवळ त्याचं नवंच घेतलेलं लाँग-ईझी हे छोटं विमान समुद्रात कोसळलं आणि तो गेला. ५३ वर्षांचा होता.

लाँग-ईझी हे बर्ट रुटान यांचं डिझाइन. नकाशे घेऊन हौशी माणसांनी घरी बांधायचं विमान. मूळ नकाशात टाकी बदलायचा कॉक वैमानिकाच्या दोन पायांच्या मध्ये, डोळ्यांसमोर होता. पण हे विमान ज्याने बांधलं त्याने तो कॉक वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला. कॉकवर कसल्याही खुणा नव्हत्या. दांडा खाली केला की उजवी टाकी, उजवीकडे केला की डावी टाकी, वर केला की बंद! इंधनाची पातळी दाखवणाऱ्या नळ्याही मागे, त्यांच्यावरही खुणा नाहीत. उड्डाणाआधी तिथल्या तंत्रज्ञाशी डेन्व्हरचं यावर बोलणं झालं होतं. दांड्याला पकड लावून लांबी वाढते का तेही दोघांनी बघितलं, पण जमलं नाही. नळ्या दिसाव्यात म्हणून तंत्रज्ञाने त्याला एक आरसा दिला. इंधन भरायचं का असं विचारल्यावर, तासभरच उडणार आहे म्हणून त्याने नको सांगितलं. तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष असा, की हवेत कॉक फिरवायला तो मागे वळला, वळताना उजवा पाय नकळत रडरच्या पेडलवर दाबला गेला आणि विमानाचा ताबा सुटला. दोष त्याचा होताच. इंधन भरलं नाही, विमानाची नीट ओळख करून घेतली नाही. पण पोहोचायला अवघड जागी, खुणांशिवाय बसवलेला कॉक हाही तपास अहवालात कारणांच्या यादीत आहे.

आता आपल्या घरातली जुनी बाइक आठवा. हायवेवर गचके द्यायला लागली की बाबा पुढे बघत बघतच डावा हात गुडघ्याखाली नेतात, पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवतात आणि बाइक पुन्हा पकड घेते. मागे बसलेल्या आईला पत्ताही लागत नाही! तांत्रिकदृष्ट्या दोन्ही प्रसंग एकच. इंजिनाला इंधन मिळेना, म्हणून टाकीचा कॉक फिरवायचा. फरक कॉक कुठे बसवलाय एवढाच. ज्याने बाइकचा कॉक डाव्या हाताच्या टप्प्यात, गाडी चालवता चालवता फिरवता येईल असा ठेवला, त्याने 'पेट्रोल संपलं तर?' हा प्रश्न ड्रॉइंग काढतानाच विचारला होता. सेस्ना १७२ मध्ये तर कॉकला 'दोन्ही टाक्या' अशी एक जागाच आहे. टाक्या वर पंखांत, इंधन आपल्या वजनाने खाली येणार, विसरायला जागाच कमी. विमानाच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि दोन वेगवेगळे मॅग्नेटो असतात, आणि त्यांना बॅटरी लागतही नाही. सगळी वीज गेली तरी ठिणगी पडत राहते. हे सगळं 'बंद पडलं तर?' या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

यापुढचा भाग माणसाच्या मनाचा. नुकतंच उड्डाण केलंय, दोनशे मीटरवर इंजिन गेलं. मागे धावपट्टी आहे, लांब, गुळगुळीत, ओळखीची. पुढे शेतं, झुडपं, कुंपणं. तुम्ही काय कराल? कुणालाही मागे वळावंसं वाटणार. आणि तिथेच घात होतो. भानावर यायलाच तीन-चार सेकंद जातात. मग गणित बघा. ६५ नॉटला ३० अंश कलून वळलं तर वळणाची त्रिज्या जवळपास २०० मीटर येते. म्हणजे अर्धं वर्तुळ पूर्ण केल्यावर तुम्ही धावपट्टीच्या बाजूला ४०० मीटर असता, आणखी वळून परत सरळ व्हावं लागतं. त्रिज्या कमी करायला ४५ अंश कलवलं तर पंखावरचा भार १.४ पट होतो आणि स्टॉलचा वेग १९ टक्क्यांनी वाढतो. त्यात जमीन जवळ दिसली की हात आपोआप नाक वर ओढतो. पंखावरची हवा सुटते, लिफ्ट जाते, आणि मग मात्र विमान खरोखर दगडासारखं पडतं. इंजिन गेल्यामुळे ते पडत नाही, वेग गेल्यामुळे पडतं. शिवाय उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करतात, त्यामुळे परत येताना वारा पाठीशी. ५० नॉटला टेकणारं विमान १० नॉटच्या समोरच्या वाऱ्यात जमिनीच्या हिशोबाने ४० नॉटने टेकतं, पाठीच्या वाऱ्यात ६० ने. ऊर्जा वेगाच्या वर्गात जाते, म्हणजे सव्वादोन पट!

म्हणूनच या वळणाला वैमानिक 'इम्पॉसिबल टर्न' म्हणतात. दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकेच्या नेव्हल अकॅडमीचे प्राध्यापक डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ मध्ये गणित मांडून दाखवलं की पुरेशी उंची असेल आणि वैमानिकाने सुमारे ४५ अंशांचं वळण नेमक्या वेगाने घेतलं, तर परत येणं शक्य आहे. मला ते पटतं. पण 'पुरेशी उंची' म्हणजे किती, हे इंजिन बंद पडल्यावर ठरवायचं नसतं. चांगले वैमानिक प्रत्येक उड्डाणाआधी, धावपट्टीच्या टोकाला उभं राहून मोठ्याने म्हणतात, की धावपट्टीवर असताना इंजिन गेलं तर थ्रॉटल बंद आणि ब्रेक, अमुक उंचीच्या खाली गेलं तर समोरच उतरायचं, तमुक उंचीच्या वर गेलं तर या बाजूला वळायचं. रोज म्हणतात. हजारदा काही होत नाही, तरी म्हणतात.

हॅरिसन फोर्ड, आपला इंडियाना जोन्स, याचंच उदाहरण घ्या. ५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका विमानतळावरून उडाल्यावर लगेच त्याच्या १९४२ सालच्या रायन विमानाचं इंजिन बंद पडलं. तेव्हा तो ७२ वर्षांचा होता. तो मागे वळला, पण धावपट्टीपर्यंत पोहोचणार नाही हे लक्षात आलं. त्याने काय केलं? वेग ताशी ८५ मैलांवर धरून ठेवला, नाक वर ओढलं नाही. विमान एका उंच झाडाच्या शेंड्याला लागलं आणि गोल्फच्या मैदानावर आदळलं. तो गंभीर जखमी झाला, पण वाचला. तपासात निघालं काय, तर कार्ब्युरेटरचा मुख्य जेट आट्यांमधून सैल होऊन निघाला होता आणि इंजिनात भलतंच जास्त पेट्रोल जात होतं. एवढासा जेट! आणि दुसरी गोष्ट मला जास्त लागली. खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीच्या पत्र्याला नुसता बोल्ट मारून बसवला होता, मागे मजबुतीची पट्टी नव्हती. आदळल्यावर बोल्ट वॉशरसकट पत्र्यातून उपटला गेला. अहवाल म्हणतो, त्याच्या जखमा वाढण्यात याचा हात होता. ज्या कुणी तो बोल्ट पिळला, त्याने पट्टा बसवला, पण 'खरंच आदळलं तर?' हे विचारलं नाही.

एफ.ए.ए.च्या वैमानिकांच्या हँडबुकात फोर्स्ड लँडिंगच्या धड्यात यंत्राआधी माणसाच्या मनाबद्दल लिहिलंय. तीन धोके सांगितलेत. इंजिन गेलंय हे मान्यच न करणं, विमान वाचवायची धडपड, आणि आपल्याला लागेल याची अवाजवी भीती. मधला धोका मला सर्वात महत्त्वाचा वाटतो. विमान वाचवायला जाऊन माणूस मरतो. पंख, चाकं, पुढचा भाग हे सगळं मोडू द्यायचं, त्यात ऊर्जा जिरवायची आणि माणूस बसलाय तो पिंजरा तेवढा शाबूत ठेवायचा. गणित सोपं आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने टेकून ९ जी मंदनाने थांबायला जेमतेम २.८ मीटर पुरतात. वेग दुप्पट असेल तर ११ मीटरच्या वर. म्हणूनच अमेरिकेच्या नियमांत कित्येक दशकं एक अट होती, की एका इंजिनाच्या लहान विमानाचा स्टॉलचा वेग ६१ नॉटच्या आत हवा. म्हणजे सरकारने कायद्यातच धरून चाललं होतं, की हे इंजिन कधी ना कधी बंद पडणार आणि हे विमान कुठल्यातरी शेतात उतरणार. मग निदान हळू उतरू द्या! एखादा कायदा वाचून मला आनंद झाला असं पहिल्यांदाच घडलं.

आपल्याकडेही हे घडतं. २५ जुलै २०२२ रोजी बारामतीहून एकटीने निघालेल्या शिकाऊ वैमानिकाचं छोटं सेस्ना विमान इंदापूर तालुक्यात कडबनवाडीच्या शेतात आदळलं. ती जखमी झाली, पण वाचली. साधारण आपल्याच वयाची मुलगी. सगळीकडे 'विमान कोसळलं' हीच बातमी होती. मला विचाराल तर मथळा 'मुलगी वाचली' असा हवा होता.

या शिकाऊ वैमानिकांना शिकवतात कसं? चांगलं उडत असताना शेजारी बसलेला इन्स्ट्रक्टर न सांगता थ्रॉटल मागे ओढतो आणि विचारतो, "इंजिन गेलं. कुठे उतरणार?" पुन्हा पुन्हा. कुठल्याही उंचीवर, बेसावध असताना. मग उत्तर हातात मुरतं. आधी वेग, मग जागा, मग कॉक, मिक्श्चर, गरम हवेचा नॉब, मॅग्नेटो. टेकायच्या आधी इंधन बंद, आणि दार किलकिलं करून ठेवायचं, म्हणजे चौकट वाकली तरी उघडेल. दाराचा हा तपशील ज्या कुणाला सुचला त्याच्यापुढे मी हात जोडते.

आणि आपल्याला शिकवतात कसं? आपल्या प्रॅक्टिकलला सगळं नेहमी चालतं. रीडिंग्ज तर सिनियरच्या जर्नलमध्ये आधीच आलेली असतात! गेल्या तीन वर्षांत मी एफिशियन्सीवर, कॉस्टवर, 'फ्यूचर स्कोप'वर प्रश्न ऐकले. पण 'हे चालता चालता बंद पडलं तर समोरच्या माणसाचं काय होईल?' हा प्रश्न एकाही व्हायव्हात ऐकला नाही. अपवाद फक्त बाहाच्या टीमचा. त्यांच्या गाडीला दोन किल स्विच लागतात, एक बाहेरून दाबता येईल असा आणि एक पट्टे बांधून बसलेल्या ड्रायव्हरच्या हाताला लागेल असा. तसं नसेल तर गाडी ट्रॅकवर घेतच नाहीत. डेन्व्हरच्या विमानाला असा तपासनीस भेटला असता तर?

आपण हा प्रश्न का विचारत नाही? मला वाटतं, आपल्याला तो अपशकुनी वाटतो. 'शुभ बोल नाऱ्या, तर म्हणे मांडवाला आग लागली!' प्रोजेक्टच्या उद्घाटनाला नारळ फोडताना कुणी 'हे पेटलं तर?' विचारलं तर सगळे त्याच्याकडे रागाने बघतील. पण मांडवात पाण्याची बादली कुठे ठेवायची हे त्या नाऱ्यालाच सुचणार ना! धावपट्टीच्या टोकाला उभा राहून 'इंजिन गेलं तर' असं मोठ्याने म्हणणारा वैमानिक रोज अशुभ बोलतो, आणि म्हणून संध्याकाळी घरी जेवायला येतो.

आता हॉस्टेलची लिफ्ट. गेल्या पावसाळ्यात लाइट गेली आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. आत तीन जणी, त्यातली एक दम्याची. आत अलार्मचं बटण आहे, तिघी ते दाबत राहिल्या, पण बाहेर काही वाजलं नाही. नंतर पॅनेल उघडलं तेव्हा कळलं, की अलार्मला बॅटरीच नाही, तो लिफ्टच्याच मेन सप्लायवर आहे. म्हणजे लाइट असली की अलार्म चालतो आणि अडकायची वेळ आली की तोही झोपतो! त्या आरडाओरडा करून बाहेर आल्या, कुणाला काही झालं नाही, म्हणून विषय संपला. बसवणाऱ्यांचं नाव घेऊन उपयोग नाही, कारण त्यांनी तेच केलं जे आपण चार वर्षं शिकतो. चालतंय ना? मग पास. विमानाच्या इंजिनाने बॅटरीवरही विश्वास ठेवला नाही आणि दोन मॅग्नेटो घेतले. आपल्या लिफ्टला एक अठराशे रुपयांची बॅटरी नाही.

काही सर म्हणतील, सिलॅबस आधीच फुटायला आलाय, त्यात हे नवीन कुठे कोंबायचं? बरोबर आहे. म्हणून मी नवीन विषय मागत नाही. मला एक पान हवंय. प्रत्येक प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये 'अ‍ॅक्नॉलेजमेंट'इतकंच सक्तीचं एक पान, शीर्षक 'बंद पडलं तर?' त्यात तीन उत्तरं. कुठकुठे बंद पडू शकतं, बंद पडलंय हे माणसाला कळणार कसं, आणि तेव्हा त्याचा हात कुठे पोहोचायला हवा. आणि प्रत्येक प्रॅक्टिकल बॅचला सेमिस्टरमधून एकदा तरी सरांनी न सांगता थ्रॉटल मागे ओढावा. म्हणजे पंप चालू असताना एक व्हॉल्व्ह बंद करावा, किंवा एक काटा कागदाने झाकावा आणि विचारावं, "आता?" आम्ही गडबडू, एकमेकींकडे बघू, चुकीचा नॉब फिरवू. लॅबमध्ये गडबडलेलं परवडतं.

दुसरं मागणं खंडेनवमीचं. त्या दिवशी आपण वर्कशॉप झाडून घेतो, लेथला, ड्रिलिंग मशीनला झेंडूचे हार घालतो, हळद-कुंकू वाहतो. मला ती पूजा मनापासून आवडते. या वर्षी हार घालायच्या आधी प्रत्येक मशीन एकदा चालू करू आणि त्याचं लाल बटण दाबून बघू. जे थांबेल त्याला हार, जे थांबणार नाही त्याला आधी दुरुस्ती. आणि त्याच सकाळी कुणीतरी हॉस्टेलच्या लिफ्टचा मेन स्विच बंद करून अलार्म वाजवून बघावा. आत उभं राहायला मी तयार आहे. बाहेर बॅटरी घेऊन कोण येतंय?